लेसरवर दोन्ही बाजू कोरताना: पलटलेली नक्षी जागेवर कशी बसवायची

१७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमासाठी एका शाळेनं माझ्याकडे ६० मेडल सांगितली होती. ३ मिमी जाडीचं एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड), ७५ मिमीचा गोल, पुढे शाळेचं चिन्ह, मागे स्पर्धेचं नाव आणि वरच्या बाजूला रिबिनीसाठी भोक. पुढची बाजू इतकी स्वच्छ उमटली की मी साठच्या साठ गोल एका दमात कोरून, कापून काढले. मग पलटून मागची बाजू घेतली. पाच झाल्यावर एक मेडल रिबिनीत ओवून हातात धरलं. पुढून सरळ होतं. मागची ओळ मात्र एका अंगाला दीड मिलिमीटर सरकलेली आणि वर तिरकी. लटकवलं की चूक आणखीच डोळ्यात भरायची.

त्या रात्री मी आधी मशीनवर संशय घेतला. बेल्ट ताणून पाहिले, आरसे पुसले, स्टीलची पट्टी घेऊन बेड, म्हणजे ज्यावर तुकडा ठेवतो ते टेबल, मोजला. मशीन बरोबरच होतं. पुढची बाजू कोरताना तुकडा नेमका कुठे आहे हे मशीनला ठाऊक होतं. मी तो उचलला तेव्हाच ती जागा हरवली, आणि परत ठेवताना नुसत्या नजरेनं ठेवला. लातूरच्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये आता निम्म्याहून जास्त कामं दोन बाजूंची असतात आणि ती सगळी एकाच नियमावर चालतात: तुकडा बसायची जागा मशीननेच कापायची, आणि काम संपेपर्यंत ती जागा बेडवरून हलवायची नाही. पट्टीनं घेतलेलं माप, बेडची कड, हनीकोंबची (बेडवरच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीची) चौकट यांच्या भरवशावर दुसरी बाजू जुळत नाही.

आपल्याकडचं गिऱ्हाईक वस्तू उलटून बघतं, हेही लक्षात ठेवा. हातमागाची पैठणी घेताना जाणकार बाई पदर उलटा करून पाहते, कारण हातानं विणलेल्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ असते. कीचेन शंभर रुपयांचं असलं तरी हात तसाच वळतो.

खालचं सगळं प्रामुख्यानं सीओटू आणि डायोड मशीनसाठी आहे, म्हणजे ज्यात हेड (किरण सोडणारा भाग) बेडवर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे फिरतं. धातूवर काम करणाऱ्या फायबर मशीनबद्दल शेवटाकडे थोडं सांगतो.

पान उलटायचं की कॅलेंडर

तुकडा दोन तऱ्हांनी पलटता येतो. एक, पुस्तकाचं पान उलटतो तसा: डावी कड उजवीकडे जाते, वरची कड वरच राहते. दुसरी तऱ्हा भिंतीवरच्या कॅलेंडरची. पान उचलून मागे टाकलं की वरची कड खाली येते, डावी-उजवी जागच्या जागी राहते. काम सुरू करायच्या आधी यातली एक तऱ्हा ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. मध्येच बदललीत तर मागची अक्षरं डोक्यावर उभी राहतील.

मेडल, कीचेन, गाडीत आरशाला अडकवायची वस्तू, असं जे जे दोऱ्याला किंवा कडीला लटकतं ते नेहमी पानासारखं पलटायचं. लटकलेली वस्तू दोऱ्याभोवती उभ्यानंच फिरते, म्हणून दोन्ही बाजूंचं ‘वर’ एकच असायला हवं. हॉटेलातलं टोकन किंवा खिशातली पट्टी लोक कशीही उलटतात, तिथे गिऱ्हाइकाला विचारून घ्या. नवख्या माणसानं पहिले काही महिने पानाचीच सवय लावावी असं माझं मत आहे. पुढचे सगळे दाखले त्याच तऱ्हेचे आहेत.

आता आरशाचा, म्हणजे मिररचा घोळ. इथे बहुतेक जण पहिल्यांदा अडखळतात. पलटल्यावर तुकड्याची बाह्यरेषा उलटी होते, भोक डावीकडे असेल तर ते उजवीकडे जातं. मागच्या बाजूची अक्षरं मात्र उलटी करायची नाहीत, कारण मागचा मजकूर माणूस मागूनच वाचणार आहे. लातूर जिल्ह्याच्या नकाशाच्या आकाराचं कीचेन समजा. पुढून पाहिलं तर पूर्व उजवीकडे. पलटलं की तोच आकार पूर्व-पश्चिम अदलाबदल होऊन समोर येतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मागच्या बाजूसाठी नकाशाची बाह्यरेषा मिरर करा आणि तिच्या आत मजकूर सरळ लिहा. सगळं एकत्र निवडून मिररचं बटण दाबलंत तर अक्षरंही उलटतील.

याला एकच अपवाद आहे. पारदर्शक ॲक्रिलिकवर मागून कोरलेली आणि पुढून वाचायची अक्षरं उलटीच कोरावी लागतात. आणि अशा पारदर्शक तुकड्यावर दोन्ही बाजूंना कोरायचं असेल तर एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूनं आरपार दिसते, म्हणून तिथे जुळवणी सगळ्यात काटेकोर लागते. पहिलं काम म्हणून ते घेऊ नका.

चूक दुप्पट दिसते

हे समजून घेतलं की पुढची सगळी खटपट सोपी होते, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

समजा नक्षीचा मध्य तुकड्याच्या मध्यापासून ०.५ मिमी डावीकडे पडला. पुढून पाहिलं तर ०.५ मिमी डावीकडे. आता तुकडा पलटून त्याच जागेत बसवला आणि मागची नक्षी मशीनच्या त्याच मध्यावर कोरली. तीही ०.५ मिमी डावीकडेच पडली, पण ही डावी बाजू मागून पाहताना. पुढून बघणाऱ्यासाठी ती उजवी. म्हणजे दोन नक्षींमधलं अंतर झालं १ मिमी. मशीनची चूक अर्धा मिलिमीटर, दिसते एक मिलिमीटर. म्हणून नवीन तुकड्यांसाठी दुरुस्ती करताना जेवढी चूक दिसते तिच्या निम्म्यानंच नक्षी सरकवायची. पूर्ण सरकवली तर चूक तेवढीच राहते, फक्त विरुद्ध अंगाला. मी स्वतः असं तीन-चार वेळा केलं आहे आणि प्रत्येक वेळी वाटायचं की मशीन ऐकत नाही.

ज्यांची पुढची बाजू आधीच कोरून झाली आहे अशा तुकड्यांचं गणित वेगळं. त्यांची पुढची नक्षी आता बदलता येणार नाही, म्हणून मागची नक्षी दिसणाऱ्या चुकीइतकी पूर्ण सरकवायची. मग दोन्ही बाजू काठापासून किंचित सरकलेल्या असतील, पण एकमेकींशी जुळतील. डोळ्याला एकमेकींशी न जुळणं जास्त खुपतं.

पानासारखं पलटताना वर-खालची चूक मात्र दुप्पट होत नाही. दोन्ही नक्षी सारख्याच वर किंवा खाली जातात. म्हणून डावं-उजवं अचूक करण्यावर आधी वेळ घाला.

तिरकेपणालाही दुप्पट होण्याचा नियम लागू आहे. फर्मा, म्हणजे तुकडा बसवायचा साचा, मशीनच्या अक्षाला अर्धा अंश तिरका बसला तर १०० मिमी लांबीवर सुमारे ०.९ मिमीचा फरक पडतो. दोन बाजू मिळून तो पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास जातो. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही. बेडची पट्टी अर्धा अंश तिरकी असणं अगदी सहज शक्य आहे, आणि म्हणूनच त्या पट्टीला टेकवून दोन बाजू जुळवायच्या नसतात. मशीननं स्वतः कापलेली रेघ त्याच्या अक्षाला समांतरच असते.

पहिली पद्धत: ज्या भोकातून निघाला त्याच भोकात

ही सगळ्यात स्वस्त आणि नवख्यांसाठी सगळ्यात भरवशाची पद्धत. शीटमधून तुकडा कापला की शीटमध्ये त्याच आकाराचं भोक उरतं. तेच भोक फर्मा म्हणून वापरायचं.

१. मशीन सुरू करून होमिंग करा, म्हणजे हेड मशीनच्या ठरलेल्या शून्य जागेवर जाऊ द्या. लाइटबर्न हे लेसर चालवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘स्टार्ट फ्रॉम’मध्ये ‘ॲब्सोल्यूट कोऑर्ड्स’ निवडा. त्यामुळे सॉफ्टवेअरमधली जागा आणि बेडवरची जागा एकच राहते. ‘करंट पोझिशन’वर ठेवलंत तर हेड जिथे उभं असेल तिथून काम सुरू होतं आणि दुसऱ्या बाजूला जुळवणी निघून जाते. स्वस्त डायोड मशीनला कधी कधी होमिंगचे स्विचच नसतात. तसं असेल तर दोन्ही बाजू होईपर्यंत मशीन बंद करायचं नाही आणि हेड हातानं ढकलायचं नाही.

२. शीट घट्ट बसवा. बेड लोखंडी असेल तर चुंबक पुरतात. ॲल्युमिनियमच्या हनीकोंबला चुंबक चिकटत नाही, तिथे भोकात रुतणाऱ्या पिना वापरा. शीटला बोटानं हलकं ढकलून पाहा. हलली तर पुढचं सगळं वाया. दोन तुकड्यांमध्ये १० मिमी तरी जागा सोडा, नाहीतर कापून झाल्यावर मधली पट्टी लवचिक होऊन भोक वेडंवाकडं होतं.

३. फाइलमध्ये तीन लेयर करा: पुढची नक्षी, मागची नक्षी, कापायची रेघ. तिन्हींचे रंग वेगळे. मागच्या नक्षीचं आउटपुट बंद ठेवा. आकार निवडून लॉक केलात तर माउसच्या धक्क्यानं काही सरकणार नाही.

४. आधी कोरा, मग कापा. कापलेला तुकडा किंचित खाली बसतो किंवा कलतो, त्यामुळे कोरणं नंतर ठेवलं तर पहिलीच बाजू बिघडते.

५. तुकडा काढताना शीटला हात लावू नका. मास्किंग टेपची घडी करून तुकड्याला चिकटवा आणि सरळ वर उचला. कुठे कापलं गेलं नसेल तर खालून ढोसू नका, चाकू घालू नका. फक्त कापायचा लेयर तसाच पुन्हा एकदा चालवा. एखादा न निघणारा तुकडा जोर लावून काढण्यापायी सगळी शीट हलवल्याची उदाहरणं माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक पोराकडून ऐकली आहेत.

६. तुकड्याची कड आणि भोकाची कड कोरड्या ब्रशनं पुसा. एमडीएफची काजळी कडेला चिकटून राहते आणि तिचा एखादा कणही तुकड्याला एका अंगाला दाबतो.

७. पानासारखा पलटून त्याच भोकात बसवा, पुढच्या लेयरचं आणि कापायच्या लेयरचं आउटपुट बंद करा, मागच्याचं चालू करा, आणि काम द्या.

आता यातली बारीक गोष्ट. लेसर रेघेइतकं साहित्य जाळून टाकतो. ३ मिमी एमडीएफमध्ये ही रेघ साधारण ०.२ मिमी रुंद धरा. म्हणजे भोकात बसवल्यावर तुकड्याच्या चहूबाजूंनी ०.२ मिमी फट राहते आणि तुकडा तेवढा डावीकडे किंवा उजवीकडे सरकू शकतो. कीचेनला हे चालून जातं. बारीक किनार असलेल्या नक्षीला चालत नाही. तिथे मी साध्या झेरॉक्स कागदाच्या बारीक पट्ट्या कापतो. हा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. दुहेरी पट्टी डाव्या फटीत, दुहेरी उजव्या फटीत, तशीच वर आणि खाली. तुकडा आपोआप मध्यावर येतो. पट्टीचं टोक तुकड्याच्या वर येऊ देऊ नका, ते पेट घेऊ शकतं.

लेसरची कापलेली कड अगदी सरळ उभी नसते, वरून खाली किंचित निमुळती जाते. जाड साहित्यात हे जास्त. त्यामुळे ५-६ मिमीचा तुकडा पलटल्यावर भोकात एका जागी अडकतो नि दुसरीकडे सैल राहतो. अडकला म्हणून ठोकून बसवू नका. किरण लेन्सच्या मध्यातून जात नसेल तर कड एकाच अंगाला कलते. एका अंशाचा कल ५ मिमी जाडीत जवळजवळ ०.१ मिमीचा फरक पाडतो. आरशांची जुळवणी आधी करून घ्या, मग दोन बाजूंच्या नादी लागा.

गोल तुकड्यांची एक वेगळी अडचण असते आणि माझ्या मेडलांचा तिरकेपणा तिथूनच आला होता. गोलाला दिशा नसते. गोल भोकात गोल तुकडा कुठेही फिरून बसतो. त्याला दिशा देणारी एकच गोष्ट तुमच्याकडे असते, ती म्हणजे रिबिनीचं भोक. शीटच्या खाली एमडीएफचा एक पाट पक्का बसवा, रिबिनीच्या भोकाच्या जागी त्या पाटातही भोक पाडा आणि त्यात पिन उभी करा. पलटलेलं मेडल पिनेत ओवलं की ते फिरू शकत नाही. हे भोक मेडलच्या उभ्या मध्यरेषेवर असलं तरच पलटल्यावर ते त्याच जागी येतं, म्हणून डिझाइन करतानाच ते मध्यरेषेवर ठेवा.

लातूरच्या नकाशासारखा दोन अंगांना वेगळा असलेला आकार स्वतःच्या भोकात पलटून बसणारच नाही. त्यासाठी शेजारी पुठ्ठ्याचा किंवा एमडीएफचा दुसरा तुकडा पक्का बसवा, त्यात मिरर केलेली बाह्यरेषा कापा, आणि मागची नक्षी त्या भोकाच्या मध्यावर ठेवा. हे भोकही त्याच मशीननं, त्याच होमिंगवर कापलेलं असायला हवं.

फर्म्यासाठी साहित्य निवडताना एक कळकळीची सूचना. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे पांढरी, हलकी पीव्हीसी फोम शीट कमी किमतीत मिळते आणि फर्मा करायला ती सोयीची वाटते. ती लेसरखाली घालू नका. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो छातीला घातक आहे आणि मशीनच्या रेल, बेअरिंग, लेन्स हेही खातो. रेक्झिनबाबतही तेच. पुठ्ठा, एमडीएफ, ॲक्रिलिक एवढ्यावर भागवा, आणि पुठ्ठा कापताना मशीनसमोरून उठू नका.

तयार तुकडे आले तर: तीच कड, तिच्याच टेकणाला

कधी गिऱ्हाईक तयार तुकडे घेऊन येतं. सागवानी पट्ट्या, बाजारातून आणलेली लाकडी कीचेन. तुम्ही ते कापलेले नसतात, म्हणून भोकही नसतं. इथे ‘एल’ आकाराचा कोपरा कापून त्याला तुकडा टेकवायचा असं सगळे शिकवतात. अर्धं बरोबर आहे.

५० मिमी म्हणून घेतलेल्या पट्ट्या व्हर्नियरनं मोजा. एखादी ४९.६ निघेल, एखादी ५०.३. डाव्या टेकणाला टेकवून पुढची बाजू कोरली आणि पलटून पुन्हा डाव्याच टेकणाला टेकवली, तर आता टेकणाला लागलेली कड दुसरीच आहे. ४९.६ च्या पट्टीत दोन बाजूंमध्ये ०.४ मिमीचा फरक पडणार, ५०.३ मध्ये ०.३ चा, तोही उलट्या दिशेनं. प्रत्येक तुकड्याची चूक वेगळी, म्हणून फाइलमध्ये दुरुस्त करता येत नाही.

उपाय सुताराकडून घ्या. सुतार रंधा मारून एक बाजू आणि एक कड आधी सरळ करतो, तिच्यावर पेन्सिलीनं खूण करतो आणि पुढची सगळी मापं त्या खुणेच्या कडेपासून घेतो. आपणही तसंच करायचं. ५० मिमीच्या पट्टीसाठी ५१ मिमी रुंदीची खिडकी कापा. पट्टीच्या एका उभ्या कडेला पेन्सिलीची खूण करा. पुढची बाजू कोरताना खुणेची कड डाव्या भिंतीला टेकवा. नक्षीचा मध्य डाव्या भिंतीपासून २५ मिमी. पलटल्यावर खुणेची कड उजवीकडे जाते, म्हणून आता पट्टी उजव्या भिंतीला टेकवा. नक्षीचा मध्य उजव्या भिंतीपासून २५, म्हणजे डावीकडून २६ मिमी. पट्टी ४९.६ असो की ५०.३, दोन्ही नक्षी त्याच कडेपासून २५ मिमीवर पडतात आणि एकमेकींशी जुळतात. वर-खाली मात्र पानासारखं पलटताना वरची कड वरच राहते, तिथे दोन्ही वेळा वरच्याच भिंतीला टेकवा.

खिडकीच्या आतल्या कोपऱ्यात ३ मिमीचं छोटं गोल भोक कापून ठेवा. तुकड्याचं टोक आणि काजळी त्या भोकात सामावते, आणि कडा भिंतीला पूर्ण टेकतात.

पिनांची पद्धत

एकाच शीटमधून चाळीस-पन्नास लहान तुकडे काढायचे असतील तर एकेक पलटत बसण्यापेक्षा अख्खी शीट पलटा आणि कापणं सगळ्यात शेवटी ठेवा.

बेडवर एमडीएफचा पाट पक्का करा. फाइलच्या बरोबर मध्यावर एक उभी रेघ काढा, हाच पलटण्याचा अक्ष. लाइटबर्नमध्ये ही रेघ ‘टी१’ टूल लेयरवर ठेवली की ती दिसते पण मशीनकडे जात नाही. या रेघेवर शीटच्या वरच्या आणि खालच्या रिकाम्या पट्टीत एकेक भोक घ्या. पाटात आणि शीटमध्ये ही भोकं त्याच फाइलमधून, त्याच जागी कापा. अक्षावरचं भोक पलटल्यावर स्वतःच्याच जागी येतं, त्यामुळे पिना हलवाव्या लागत नाहीत. पलटली की नाही याची खात्री राहावी म्हणून एका कोपऱ्यावर पेन्सिलीनं खूण करा.

पिना म्हणून ४ मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा चांगला चालतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ४ मिमीचं वर्तुळ काढलंत तर कापल्यावर भोक ४.२ च्या आसपास होतं आणि पिन सैल बसते. म्हणून टाकाऊ तुकड्यावर ३.७, ३.८, ३.९ अशी भोकं कापून ज्यात पिन बोटानं दाबून जाते ते निवडा. पिनेचं टोक शीटच्या वर येता कामा नये. हेडची नोझल साहित्यापासून काही मिलिमीटरच वर फिरते. उभ्या पिनेला ती धडकली तर लेन्सचं नुकसान होतंच, होमिंगही हुकतं.

मागची बाजू कोरून झाल्यावर कापा. ही शेवटची बाजू असल्यानं कापायची बाह्यरेषाही अक्षाभोवती मिरर केलेली हवी. आकार दोन अंगांना सारखा असला तरी शीटवरच्या मांडणीत तुकड्यांच्या जागा मिरर झाल्याच पाहिजेत, नाहीतर पहिल्या उभ्या ओळीच्या मागच्या बाजूवर शेवटच्या उभ्या ओळीचं नाव येतं. पन्नास वेगवेगळी नावं असलेल्या लग्नाच्या टॅगांमध्ये हे होतं आणि सगळं कापून झाल्यावरच लक्षात येतं.

बेडपेक्षा मोठी पाटी, किंवा पिना घालायला रिकामी जागाच नसलेला तुकडा असेल तर लाइटबर्नमधलं ‘प्रिंट अँड कट’ वापरा. तुकड्यावर एकमेकांपासून लांब दोन आरपार भोकं असली की पलटल्यावर हेड त्या दोन भोकांवर नेऊन सॉफ्टवेअरला दाखवायचं. ते नक्षी तेवढी सरकवून, फिरवून घेतं. मोजमाप बदलू नये म्हणून ‘नो स्केलिंग’चा पर्याय निवडा. यात अचूकता तुमच्या लाल ठिपक्याइतकीच येते.

लाल ठिपका, ऊन आणि लाईट

लाल ठिपका म्हणजे लेसर किरण नव्हे. बऱ्याच सीओटू मशीनमध्ये तो वेगळ्या छोट्या डायोडमधून तिरका येतो. ३ मिमी साहित्यावर जुळवलेला ठिपका १० मिमी साहित्यावर बाजूला सरकलेला असू शकतो. काम सुरू करताना मास्किंग टेपवर अगदी कमी पॉवरचा एक ठोका मारा आणि जळलेला बिंदू व लाल ठिपका एकच आहेत का ते पाहा. जाडी बदलली की पुन्हा.

ॲक्रिलिक उन्हानं वाढतं. साधारण हिशेब असा की ३०० मिमीच्या शीटचं तापमान २० अंशांनी वाढलं तर ती सुमारे ०.४ मिमी लांब होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि शीट गाडीला बांधून दुपारीच आणली जाते. ती तशीच गरम कोरायला घेऊ नका. खोलीत सपाट ठेवून थंड होऊ द्या आणि दोन्ही बाजू एकाच बैठकीत करा. पावसाळ्यात एमडीएफ आणि प्लाय ओल धरतात, वाकतात. वाकलेल्या शीटची पुढची बाजू वर फुगलेली असेल तर मागची खोल जाते, फोकस बदलतो आणि रेघ जाड होते. शीट आडव्या ठेवून वर वजन ठेवायची सवय लावा.

काम चालू असताना लाईट गेली तर घाबरून तुकडा उचलू नका. सगळ्यात आधी, म्हणजे काम सुरू करायच्या वेळीच, शीटच्या रिकाम्या कोपऱ्यात एक बारीक फुली कोरून ठेवा आणि तिचे आकडे लिहून घ्या. लाईट आली की होमिंग करा, हेड त्या आकड्यांवर न्या, टेप लावून एक ठोका मारा. फुलीच्या मध्यावर पडला तर जिथे काम थांबलं तिथून पुढे जा. सरकला तर सरकलेलं अंतर मोजून उरलेलं काम तेवढं हलवा. तालुक्याच्या ठिकाणी मशीन लावणाऱ्यानं ही फुली कधीच टाळू नये.

फायबर मशीनवर हेड फिरत नाही, आरसे किरण फिरवतात, त्यामुळे होमिंगचा प्रश्न नाही. १६० मिमीच्या लेन्सखाली साधारण ११० बाय ११० मिमीचं क्षेत्र मिळतं आणि त्याच्या कडेला नक्षी किंचित ताणली जाऊ शकते. स्टीलच्या टॅगसाठी फर्मा क्षेत्राच्या मध्यावरच बसवा. खुणेच्या कडेचा नियम तिथेही तसाच.

पहिला तुकडा टाकाऊवर

खरा माल लावायच्या आधी जुनी जाड लग्नपत्रिका घ्या, प्लॅस्टिकचा थर नसलेली. तिचा तुकडा पुढच्या बाजूनं कोरताना मध्यावर आणि वर-खाली ३० मिमीवर अशी तीन १ मिमीची आरपार भोकं कापा. पलटून त्याच तीन जागी फुल्या कोरा. मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून मोठं करून पाहा. तिन्ही फुल्या एकाच अंगाला सारख्या सरकल्या असतील तर मध्य चुकला आहे. निम्म्यानं दुरुस्त करा. वरची डावीकडे आणि खालची उजवीकडे गेली असेल तर फर्मा तिरका आहे. तो आकडे बदलून सुधारत नाही, नवीन कापा. फरक कधी इकडे, कधी तिकडे येत असेल तर तुकडा भोकात हलतोय, कागदाच्या पट्ट्या लावा.

त्या साठ मेडलांपैकी उरलेली ५५ मी अशीच वाचवली. नवीन एमडीएफवर ७५ मिमीचं भोक कापलं, खालच्या पाटात रिबिनीच्या भोकाची पिन बसवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी मागची बाजू झाली. बिघडलेली पाच नव्यानं कापून दिली. तो फर्मा अजून भिंतीवर टांगलेला आहे. प्रत्येक फर्म्यावर मी पेननं लिहितो: पान की कॅलेंडर, खुणेची कड कोणती, साहित्याची जाडी, मध्याचे आकडे. आणि तो बेडवरून उतरवून पुन्हा चढवला की पहिली लग्नपत्रिका पुन्हा लागते, कारण उतरवलेला फर्मा जुन्या जागी नेमका बसत नाही.